अस्वलाचा चौथा ठोका

एका जंगलात वाघही होता आणि सिंहही होता, पण मुलांनो, त्या दोघांना कुत्रंही विचारत नव्हतं. त्या जंगलात सगळ्यांत प्रसिद्ध कोण, तर रानबा अस्वल. कारण रानबा ड्रम वाजवायचा.

अस्वलाकडे ड्रम आले कुठून, असं विचारणारा एखादा शहाणा तुमच्यात असेलच. सांगतो. जंगलातून घाटाचा रस्ता जात होता. तिथल्या वळणावर एकदा एक टेंपो उलटला. आत कुठल्याशा रॉक बँडचं सामान होतं. माणसं पळून गेली, सामान राहिलं. गिटार माकडाने उचलली. माइक लांडग्याने पळवला. तो बंद होता, पण लांडग्याला त्याची गरजही नव्हती. राहिले ते ड्रम. ते जड होते म्हणून अस्वलाच्या वाट्याला आले. पुष्कळांच्या कारकिर्दी अशाच सुरू होतात.

तिघांनी बँड काढला. नाव ठेवलं 'मोकाट'.

रानबाचं वाजवणं अगदी सरळ होतं. चार ठोके. धड, धड, धड, धड. चारही सारख्या अंतरावर, जाणत्या शेतकऱ्याने नांगराने पाडलेल्या तासांसारखे. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलायचे. हरणं नाचायची, ससे नाचायचे, रानडुकरं तर चिखल सोडून यायची. नाचून झालं की सगळे घरी जायचे. ड्रमबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. चांगल्या भाकरीबद्दल कोणी व्याख्यान देतं का? खातात आणि उठतात.

मग एक दिवस काटा मोडला.

झालं असं, की रानबा मधासाठी बोरीच्या झाडावर चढला आणि घसरला. डाव्या पंजात बोरीचा काटा खोल गेला. संध्याकाळी तर कार्यक्रम. रानबा तसाच वाजवायला बसला. तीन ठोके उजव्या हाताने मारले. चौथा डाव्या हाताचा. काठी आपटली की कळ यायची, म्हणून तो हात उचलायचा, जरा थांबायचा, दात आवळायचा आणि मग मारायचा. धड, धड, धड... आणि बऱ्याच वेळाने, धड.

हरणांचे पाय एकमेकांत अडकले. दोन ससे तोंडावर पडले. रानबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी म्हणून तो उठला, तोच तळ्याकाठून आवाज आला, "अहाहा!"

तो बकोपंतांचा होता. बकोपंत म्हणजे बगळा. एका पायावर उभं राहून डोळे मिटण्याची त्यांना सवय होती, त्यामुळे ते विद्वान आहेत असा जंगलात समज होता. माशांचा समज वेगळा होता, पण माशांना कोण विचारतो?

"तीन ठोके सगळेच मारतात," बकोपंत म्हणाले. "चौथ्याआधीची ती शांतता ऐकलीत? त्या शांततेत आपण सगळे आहोत."

आपण सगळे तिथे आहोत, हे ऐकून ससे जमिनीवरून उठले आणि टाळ्या वाजवू लागले.

"काय डोंबलाची शांतता!" पलीकडून टिटवीबाई ओरडल्या. आभाळ खाली पडू नये म्हणून झोपताना पाय वर करून झोपतात, त्याच या टिटवीबाई. इतकी मोठी जबाबदारी अंगावर असल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीत बोलावं लागे. "याला वाजवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दार उघडं आहे की बंद ते अंधारात चाचपावं, तसा चौथा ठोका देतो मेला. आमचे मावसआजोबा सुक्या भोपळ्यावर एका दमात चाळीस ठोके मारायचे. पाऊस पडायचा!"

"चाळीस ठोके म्हणजे कला नव्हे, टिटवीबाई. ती गारपीट."

"आणि तुमचं ते? गळकं छप्पर!"

झालं. जंगलाचे दोन तट पडले. बकोपंतांचे ते उशीरवादी, टिटवीबाईंचे ते वेळवादी. ज्यांनी जन्मात ड्रमला हात लावला नव्हता, ते काठी कशी धरावी यावर बोलू लागले. एका कासवाला तर ऐकूच येत नव्हतं. त्याने दोन्ही बाजूंनी भाषणं केली आणि दोन्हीकडे त्याचा सत्कार झाला. एका साळुंकीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलगा निर्व्यसनी, घरटं स्वतःचं, पण घराणं वेळवादी निघालं.

इकडे रानबाचा पंजा सुजत चालला होता.

"अहो, हाताचं कोहळं झालंय," त्याची बायको सोनाबाई म्हणाली. "त्या हरबाकडे जा आणि काटा काढून घ्या आधी."

हरबा म्हणजे सुतारपक्षी. कामाचा पक्का, बोलायला तुटक. त्याने पंजा उलटापालटा करून पाहिला. "बोरीचा आहे. आत गेलाय. एका टोचीत निघेल, रानबादादा. आठ दिवसांत पहिल्यासारखं वाजवाल."

त्याने चोच मागे घेतली, तेवढ्यात बकोपंत धापा टाकत उतरले.

"थांब! हरबा, काय करतोयस तू?"

"काटा काढतोय."

"काटा नाही. तू एक युग उपटून काढतोयस."

"पंत, दुखतं हो," रानबा म्हणाला.

"दुखणारच. त्याशिवाय का तसं वाजतं?"

"अहो, पण हात माझा आहे."

"हात तुमचा," बकोपंत मान तिरकी करून म्हणाले, "ठोका जंगलाचा."

रानबाला वाटलं, आता टिटवीबाईंकडे जावं. दोन महिने त्या या ठोक्याला शिव्या देत होत्या. त्या तरी म्हणतील, काढा एकदाचा. तो लंगडत त्यांच्याकडे गेला. टिटवीबाई ऐकून पांढऱ्याफटक पडल्या.

"काढू नका हो! माझी तीस व्याख्यानं ठरली आहेत याच्यावर. एकवीस झाली, नऊ राहिलीत. तुमचा ठोका सुधारला तर मी वाईट कशाला म्हणू?"

मग वनसभा भरली. बकोपंत आणि टिटवीबाई आयुष्यात पहिल्यांदा एका फांदीवर बसले. काटा हा जंगलाचा ठेवा आहे, त्याला कोणी चोच लावू नये, असा ठराव आला. सगळ्यांनी हात वर केले. रानबाचा हात वर होत नव्हता, म्हणून त्याचं मत धरलं नाही.

चैत्र आला. मोहाची फुलं पडू लागली. दरवर्षी या दिवसांत जंगलात मोठा जलसा होई. यंदा तर नदीपलीकडची जनावरंही आली. कोणी नाचायला आलं नव्हतं, सगळे ऐकायला आले होते. हरणं पाय दुमडून बसली होती, कारण हलणाऱ्या पायांना आता अडाणी म्हणत.

भर दुपार होती. रानबाच्या अंगात ताप होता. त्याने तीन ठोके मारले आणि डावा हात उचलला. हात वर गेला आणि वरच राहिला. लांडगा गायचा थांबला. माकडाने तारा सोडल्या. रानबाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो ड्रमसकट आडवा झाला.



"परिपूर्ण!" बकोपंत किंचाळले. "चौथा ठोका त्यांनी स्वतःच्या देहाने दिला!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की आभाळ पडलं की काय म्हणून टिटवीबाईंनी पाय वर केले.

सोनाबाई धावली. नवऱ्याचं अंग चुलीसारखं तापलं होतं. पण भोवती ही गर्दी! हरबा मोहाच्या झाडावर तयार होता, पण ठराव मोडताना दिसला असता तर त्याची पिसं काढली असती. सोनाबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे पाहिलं आणि डोकं शांत ठेवून मोठ्याने विचारलं,

"पंत, हे पडले ते ठरवून पडले, की आतून आलं म्हणून पडले?"

एवढं पुरलं. "अर्थात ठरवून!" एक ओरडला. "अजिबात नाही!" दुसरा ओरडला. बघता बघता सगळी सभा वाद घालत तळ्याच्या दुसऱ्या काठाला गेली. बेशुद्ध रानबापाशी त्याची बायको आणि सुतारपक्षी, दोघंच उरले.

हरबाने एक टोच मारली. वाटीभर पू वाहिला आणि काटा बाहेर पडला. बोटाच्या पेरापेक्षाही लहान होता.

त्या गर्दीत आणखी एक जण वाद घालायला गेला नव्हता. झुडपाआडून मुंगूसशेठ बघत होते. त्यांनी तो काटा पानात गुंडाळला आणि नमस्कार करून निघून गेले.

इथे मला माझ्या एका स्नेह्याची आठवण होते. साड्यांचं दुकान होतं त्याचं. एकदा गिरणीतून गठ्ठा आला, त्यात छपाई सरकलेली. फूल एकीकडे, देठ भलतीकडे. स्वस्तात लावला तरी कोणी हात लावीना. पठ्ठ्याने भाव दुप्पट केला आणि पाटी लावली, 'समजणाऱ्यांसाठी'. चार दिवसांत गठ्ठा संपला. पाचव्या दिवशी गिरणीला पत्र गेलं, तशाच पाठवा.

मुंगूसशेठ त्याच जातीचे. त्यांनी वडाखाली पथारी मांडली. वाजवण्याचे काटे, एका अंड्याला एक. बोरीचा, बाभळीचा, आणि बऱ्या घरच्यांसाठी सागरगोट्याचा. रानबाच्या पंजातला मूळ काटा त्यांनी पहिल्याच दिवशी सत्तावीस जणांना दिला. महिन्याभरात जंगलात जो तो पंजा धरून कण्हत होता, आणि जो जास्त कण्हेल तो जास्त गुणी.

सव्वा महिन्याने रानबा बरा झाला. पंजाला ताकद आली. किती दिवसांत त्याने मनासारखं वाजवलं नव्हतं! आनंदाने तो मैदानात आला, काठ्या घेतल्या आणि बसला.

धड, धड, धड, धड.

अंतर तेच, जुनं, सरळ. एका हरणाचा पाय हलला. दुसऱ्याचा हलला. मग दोघांनी बकोपंतांकडे पाहिलं. बकोपंत हलले नाहीत. हरणांनी पाय आवरले.

"हा कोण?" मागून कोणीतरी विचारलं.

"रानबाची नक्कल करतोय कोणीतरी."

"नकलेला तरी काही दर्जा हवा!"

"अरे, मीच रानबा," रानबा म्हणाला.

बकोपंत जवळ आले. आवाजात मध होता. "रानबा, आम्ही तुम्हाला ओळखतो हो. पण तुम्ही स्वतःला विसरलात. अजून वेळ गेलेली नाही." त्यांनी मान हलवली. मुंगूसशेठ पानावर एक लांब काटा घेऊन पुढे आले.

"तुमच्याकडून अंडं घेणार नाही," मुंगूसशेठ म्हणाले. "तुमच्यामुळेच तर धंदा आहे."

"घे रे," लांडगा कानाशी लागला. "एवढ्याशा काट्याने काय होतंय? लोकांना तेच हवंय. नाहीतर बँडमध्ये तुझं काही खरं नाही."

रानबाने काट्याकडे पाहिलं. ड्रमकडे पाहिलं. ते ड्रम त्याने घाटातून एकट्याने पाठीवर आणले होते. मग त्याने आपला पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. कुठेही कळ नव्हती.

त्याने काठ्या खाली ठेवल्या.

"कुठे चाललात?" टिटवीबाई घाबरून म्हणाल्या. अजून चार व्याख्यानं बाकी होती.

"मधमाश्यांकडे. त्याही डसतात, पण का डसलो ते नंतर समजावून सांगत नाहीत."

तो गेला. सोनाबाई त्याच्यामागून गेली. जाताना तिने वळून एकदाही पाहिलं नाही.

'मोकाट'ने ड्रमवर एक रानडुक्कर घेतलं. ते हौशी होतं. त्याने चारही पायांत काटे भरून घेतले. पहिल्याच जलशात ते बसलं, काठी उचलली, आणि एकही ठोका पडला नाही. पाव घटका कोणी श्वास घेतला नाही.

"कसं वाटलं, पंत?" कोणीतरी हळूच विचारलं.

बकोपंतांनी दुसरा डोळाही मिटला. "आहे, गुण आहे. पण चौथा जरा घाईत आला."

त्याच वेळी नाल्यापलीकडून आवाज येऊ लागला. वाळकं पोकळ खोड कोणीतरी मधासाठी ठोकत होतं. धड, धड, धड, धड.

सभेत चुळबूळ झाली. हरणांचे पाय हलू लागले होते.

"कोण ते? पाय कोण हलवतंय?" बकोपंत कडाडले.

हरणं दचकली. मुंगूसशेठ पथारी घेऊन सगळ्यांमधून फिरले. प्रत्येक हरणाने एकेक काटा घेतला आणि मग सभा शांतपणे ऐकत बसली.

तात्पर्य : मुलांनो, वाजवायला शिकू नका, त्याने हात दुखतो. वाजवण्यावर बोलायला शिका, त्याने दुसऱ्याचा दुखतो. आणि दोन्ही जमत नसेल, तर वडाखाली जागा धरा. काट्यांना आपल्याकडे मरण नाही.