दोन पंचांसमक्ष

बर्फ काढणाऱ्या गाडीने आमच्या गल्लीतली टपालपेटी पाडली, तेव्हा बाकीचे शेजारी नुसते हळहळले. वानखेडेकाकांनी रीतसर पंचनामा केला. "पेटी उताणी, तोंड ईशान्येस, झाकण अर्धवट उघडे, रक्ताचे डाग नाहीत." खाली दोन पंचांच्या सह्या होत्या. एक माझी आणि दुसरी पोस्टमन टॉमची. बिचाऱ्या टॉमला ती पार्सलची पावती वाटली.

काका अकोल्याकडचे निवृत्त फौजदार. मुलगा मिलिंद आमच्या शेजारी राहायचा, ओहायोतल्या डब्लिनला, आणि काका त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. नोकरी करायची परवानगी नाही, त्यामुळे दिवसभर घरात, म्हणजे काकांना आयतीच सापडलेली पंच. पंचाचे नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. "पंचानं वाचाचं, सही कराची. बोलाचं नाही, ताई."

तो दोन हजार सहाचा हिवाळा. आठवला की अजून मला अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. सकाळपासून बर्फ भुरभुरायचा, समोरची घरं हळूहळू पुसट व्हायची, आवाज म्हणून कसला नाही. दुपारी चार वाजायच्या आधी त्या पांढऱ्यातून शाळेची पिवळी बस अलगद बाहेर यायची. कोपऱ्यावर गुडघ्यापर्यंत कोट आणि माकडटोपी घातलेले काका वही घेऊन उभेच असायचे. त्यांची नात रिया उतरायची आणि तिच्यामागून बाकीची पोरं. "आजोबा, यू काउंटेड मी ट्वाइस!" ती ओरडायची. काका परत मोजायचे आणि लिहायचे, "३.४०. बस आली. पोरं सात. सर्व शांत."

एकदा पोरं सहाच भरली. काका तसेच बर्फ तुडवत सातव्या पोरीच्या घरी गेले. तिला ताप होता. तिच्या आईने त्यांना दारातच एक बिस्किट दिलं. वहीत नोंद झाली, "आजारी. समक्ष पाहिली."

मग एक दिवस मिलिंद ऑफिसातून बातमी घेऊन आला. रिटायर्ड पोलिसांना गनसकट शाळेत सिक्युरिटीला ठेवता यावं, असं विधेयक राज्याच्या सभागृहात आलं होतं. दुसऱ्या दिवशी काकांचे बूट आरशासारखे चमकत होते.

"बाबा, तुम्ही व्हिजिटर आहात, यार," मिलिंद वैतागला. "आणि ते इथल्या पोलिसांसाठी आहे."

"मले नोकरी काऊन पायजे? पण दोन शब्द तं सांगता येतात ना?"

सांगता येत होते. विधेयकावरच्या सुनावणीत कुणालाही तीन मिनिटं मिळायची. मिलिंदची मीटिंग होती, म्हणून त्यांना राज्याच्या राजधानीत, कोलंबसला, मी ड्राइव्ह करून नेलं. दुभाषी अर्थात मीच.

आमच्या आधी एक निवृत्त पोलीस विधेयकाच्या बाजूने बोलले, एक शिक्षिका विरोधात बोलल्या. मग काका उठले आणि त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. अध्यक्षबाईंनी विचारलं, तुम्ही बाजूने की विरोधात?

"फाटकावर पोलीस पायजेच. पण हत्यार ठाण्यात जमा करून."

मी इंग्रजीत सांगितलं. अध्यक्षबाई हसल्या. मग हत्याराशिवाय तो करणार काय?

"पोरं मोजायची. सकाळी आत किती गेली, शाळा सुटल्यावर बाहेर किती आली."

सभागृहात हशा पिकला. कुणी वाईट मनाने हसलं नाही, पण हसले सगळे. तीन मिनिटं संपली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र शांत होते.

परतताना बर्फ पडतच होता. काका काचेबाहेर बघत बोलू लागले. "मिलिंद सहा वर्षांचा होता. त्याची माय दवाखान्यात. मंत्र्याचा दौरा होता, मी बंदोबस्तावर. पोराले शाळेतून मीच आणणार होतो. विसरलो, ताई. दिवेलागणीले गेलो तं हा एकटा पायरीवर. रडतही नव्हता. मंग ठाण्यात जाऊन डायरी लिहिली. सर्व शांत. चौतीस वर्षांत तेवढी एकच नोंद खोटी."

इतके दिवस मी त्या वहीला हसत आले होते, त्याची लाज वाटली.

विधेयकाचं पुढे काय झालं, कळलं नाही. त्याआधीच काकांची निघायची तारीख आली. आदल्या दिवशी मिलिंद हाफ डे घेऊन बॅगा भरत होता. काकांनी मला बोलावलं. "पंच पायजे."

मी सवयीने टॉमला शोधायला निघाले.

"टॉम नाही. याले मराठी वाचणारा पंच पायजे." त्यांनी मिलिंदला हाक मारली.

त्यांनी लिहून ठेवलेला कागद मी वाचला. "त्या दिवशी 'सर्व शांत' अशी नोंद केली, ती खोटी आहे. मुलगा मिलिंद, वय सहा, हा शाळेच्या पायरीवर एकटा मिळून आला. दप्तर मांडीवर. चूक माझी." मी सही केली आणि कागद मिलिंदकडे सरकवला. त्याने वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"बाबा, हे किती जुनं... कशाला आता..."

"पंचानं बोलाचं नाही."

मिलिंदने पेन उचललं, पण सही केली नाही. "एक चूक आहे यात," तो म्हणाला. "दप्तर मांडीवर नव्हतं. पाठीवर होतं. तुम्ही दिसलात की लगेच निघता यावं म्हणून मी ते काढलंच नव्हतं."

काकांनी कागद परत आपल्याकडे ओढला. मग त्यांनी 'मांडीवर' खोडलं, 'पाठीवर' लिहिलं आणि नियमाप्रमाणे खोडलेल्या जागी सही केली. मिलिंदने खाली पंचाची सही केली.

बसची वेळ झाली होती. बापलेक कोट चढवून कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. बस आली. या वेळी पोरं मिलिंदने मोजली आणि वहीत लिहिलं, "३.४०. बस आली. पोरं सात."

पुढचे दोन शब्द लिहायला त्याने वही वडिलांच्या हातात दिली.