अश्मयुगातले बोरस्तेभाऊ

सकाळी सव्वासहा वाजता आमच्या समोरच्या फ्लॅटमधून खुळखुळ्याचा आवाज येतो. मजल्यावर नवीन राहायला आलेल्या जोडप्याने पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "काकू, समोर बाळ आहे का हो?"

मी म्हटलं, "आहे. चौसष्ट वर्षांचं आहे."

तो आवाज बोरस्तेभाऊंचा. प्लास्टिकच्या उंच बाटलीत ते पाणी घेतात, त्यात प्रोटीन पावडरचं एक मापटं टाकतात, पावडर विरघळायला वर तारेची एक गोळी सोडतात आणि गॅलरीत उभे राहून ती बाटली दोन्ही हातांनी हलवत बसतात. मग डोळे मिटून एका दमात पितात. तोंड असं होतं की बघणाऱ्याला वाटावं, एरंडेल घेतलं. मी एकदा विचारलं, "चांगलं लागतं का हो, भाऊ?" तर म्हणाले, "वहिनी, ते चांगलं लागण्यासाठी नसतंय."

भाऊ मूळचे निफाडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. नाशिक रोडला पस्तीस वर्षं कारखान्यात पाळीत काम केलं, रिटायर झाले आणि अडीच वर्षांपूर्वी थेट अश्मयुगात गेले. त्यांच्या आहाराला पॅलिओ म्हणतात. नियम असा, की माणूस शेती करायला लागला त्याच्या आधी जे खात होता तेवढंच खायचं. म्हणजे गहू नाही, बाजरी नाही, भात, डाळी, दूध, साखर काही नाही. मटण, मासे, अंडी, भाज्या, फळं, बदाम यावर दिवस काढायचा. ज्यांच्या सात पिढ्या शेतात राबल्या त्यांनी शेतीच्या आधीचं खायचं, यातली गंमत मी भाऊंना सांगून पाहिली. "म्हणून तर सात पिढ्या गुडघे दुखतात आमच्यात," ते म्हणाले.

मला शेजाऱ्यांकडे वाटीतून काहीतरी पाठवायची खोड आहे. भाऊंनी माझी ही खोड अगदी मोडून काढली. थालीपीठ नेलं की ते दारातच विचारणार, "तेव्हा होतं का?" खीर नेली, "तेव्हा होती का?" ढोकळा नेला तेव्हा त्यांनी विचारलंही नाही, माझ्याकडे नुसतं दयेने पाहिलं. मी एकदा चिडून म्हटलं, "आणि तेव्हा मिक्सर होता का?" तर शांतपणे म्हणाले, "मिक्सर खातंय कोण?" ज्याला काही पाठवता येत नाही असा शेजारी काय कामाचा, असं माझं स्पष्ट मत झालं होतं.

निफाडला तर या आहाराने भलताच घोळ घातला. भावाकडे जत्रेला गेले असताना भाऊंनी मटण वाढून घेतलं आणि भाकरीला नको म्हटलं. चमच्याने मटण खाल्लं आणि हात धुतले. भावजय बिचारी चुलीपाशी भाकरी हातात घेऊन बसून राहिली. संध्याकाळपर्यंत गावात झालं की दौलत बोरस्तेंची, म्हणजे आपल्या भाऊंची, भाकरी डॉक्टरांनी बंद केली, म्हणजे दुखणं साधं नाही, घरचे सांगत नाहीत एवढंच. पुढच्या बुधवारी गावाकडून जीप भरून सात माणसं नारळ आणि बिस्किटांचे पुडे घेऊन भाऊंना बघायला आली. कोचावर ओळीने बसली. त्यातल्या एका म्हातारीने भाऊंचा हात हातात घेऊन विचारलं, "लय दुखतं का रं?" भाऊंनी तासभर अश्मयुग समजावून सांगितलं. जाताना म्हातारी जिन्यात मला म्हणाली, "डोक्यात गेलंय वाटतं."

भाऊंच्या घरात कधी गेलात तर टीव्ही चालू दिसेल, पण बघत कोणी नसतं. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला. पोळपाट-लाटणं खिळ्याला तसंच टांगलेलं आहे. शैलाताई, म्हणजे भाऊंच्या पत्नी, गेल्या त्याला तीन वर्षं होत आली. त्या होत्या तेव्हा या घरातून सतत बोलण्याचा आवाज यायचा. आता कधी कधी भाऊ भाजीवाल्याशी दुधी भोपळ्यावर वीस मिनिटं बोलत उभे असतात, आणि मला खरं सांगायचं तर ते बघवत नाही.

पॅलिओचं खूळ आणलं ते मुलाने. निखिल कॅनडात असतो. आईनंतर सहा महिन्यांनी तो पंधरा दिवस येऊन राहिला, वडिलांची साखर आणि पोट बघून घाबरला, आणि जाताना स्वतः पाळत होता तोच हा आहार लावून देऊन, पावडरचा पहिला डबा विकत आणून गेला. त्याआधी बापलेकांचा फोन तीन मिनिटांत संपायचा. हवा कशी, जेवलास का, ठेवतो. आता दर रविवारी सकाळी सात वाजता व्हिडिओवर दोघं समोरासमोर बसायचे, तिकडे त्याची शनिवारची रात्र असायची. किती अंडी, किती वजन, रताळं चालतं का, द्राक्षं किती. पाऊण तास सहज जायचा. त्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. आठवडाभर त्यांचं बाकी काही नसायचं, तो पाऊण तास असायचा.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

भाऊंचे रिकामे डबे आम्ही बायका वाटून घेतो. चांगले घट्ट झाकणाचे असतात. माझी तूरडाळ त्यातच असते. एकदा डाळ भरताना चष्मा डोळ्यांवर होता म्हणून डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं, तर काय, ही पावडर दुधाची. दूध फाडल्यावर जे पाणी उरतं त्याचीच भुकटी. माझी खीर नाकारणारा माणूस अडीच वर्षं रोज सकाळी दूध पीत होता. मला इतका आनंद झाला की मी तो जपून ठेवला.

बिल्डिंगमधले आठ-दहा जण एका रविवारी गंगापूर रोडच्या पुढे एका मळ्यातल्या हॉटेलात मिसळ खायला गेलो. भाऊही आले. वेटरला म्हणाले, "फरसाण नको, मटकी नको, पाव नको, दही नको."

वेटर म्हणाला, "मग मिसळ कशाची देऊ, काका?"

"रस्सा दे. कांदा दे."

मग शर्टाच्या खिशातून तीन उकडलेली अंडी काढून त्यांनी तर्रीत सोडली. सगळे हसत होते, भाऊही हसत होते. तेवढ्यात मी विचारलं, "भाऊ, तेव्हा गाई-म्हशी पाळत होते का?"

"नाय."

"मग तुमची पावडर दुधाची कशी? डब्यावरच लिहिलंय."

टेबलावर जो हशा उठला त्याला तोड नाही. कुणीतरी भाऊंचा अंड्यांच्या वाटीसकट फोटो काढला. भाऊ "हो का" एवढंच म्हणाले आणि परतताना गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत खुशीत होते. तिथे सिग्नलला त्यांचा चेहरा आरशात दिसला आणि माझी खुशी गेली.

सोमवारी खुळखुळा वाजला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. शनिवारपर्यंत मी वाट पाहिली. रविवारी सकाळी माफी मागायला निघाले, पण त्या माणसाकडे घेऊन काय जाणार? सहा अंडी उकडली आणि गेले.

सात वाजायला दहा मिनिटं होती. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले होते. मी म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं? खरं तेच बोललात," ते म्हणाले. "मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं वहिनी. मला काय वाचता येत नाय का?"

"मग निखिलला सांगितलं का नाही?"

"सांगून? त्याला वाटलं असतं, बाबांना आपण चुकीचं दिलं. त्याने जीव लावून आणलेलं होतं ते. आणि ते बंद झाल्यावर आम्ही बोलायचं कशावर?" त्यांनी समोरचा फोन सरळ केला. "पण तो फोटो कुणीतरी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. तुम्ही बोललात ते पण लिहिलं खाली. निखिल हाय त्या ग्रुपवर."

मला तिथून निघून जावंसं वाटलं. फोन वाजला.

निखिल हसतच आला. "बाबा, वाचलं मी ग्रुपवर." मग जरा घुटमळला. "खरं सांगू? मी सोडून दिलंय ते सगळं. चार महिने झाले. तुम्ही इतकं मनापासून करता, म्हणून सांगवत नव्हतं. तुम्ही पण सोडा आता. मस्त पोळी खा."

"बरं," भाऊ म्हणाले.

 अडीच वर्षं पुरलेला विषय अर्ध्या मिनिटात संपला होता.

"हवा कशी हाय तिकडे?"

"थंड आहे."

"जेवलास का?"

"आत्ताच आलो कामावरून. करतो आता."

"बरं."

"बरं बाबा, मग..."

"ठेवू नको," भाऊ म्हणाले. ते फोनच्या इतके जवळ वाकले होते की पलीकडे नुसतं कपाळ दिसत असणार. "बोलायला काय नाय माझ्याकडे. पण लगेच ठेवू नको. चालू राहू दे."

 निखिलचा चेहरा बदलला. मग म्हणाला, "मी पोळ्या करतो बाबा. तुम्ही बसा."

त्याने फोन ओट्यावर कशाला तरी टेकवून ठेवला. आधी छत दिसलं, मग त्याचं कोपर, मग कणकेचा गोळा. लाटण्याचा आवाज यायला लागला. भाऊ हात मांडीवर ठेवून बघत होते. मी अंड्यांची वाटी टेबलावर ठेवली आणि दाराशी येऊन चप्पल शोधू लागले.

"कडेला जाड राहिली," मागून भाऊंचा आवाज आला.

"कुठे?"

"डाव्या अंगाला."

भाऊंनी जन्मात लाटणं हातात धरलेलं नाही, हे त्या पोरालाही माहीत असणार. तरी तो म्हणाला, "आता बघा. झाली का?"

"झाली. दुसरी घे."