धोंडिबा वजनात भरेना

रामराम घालायच्या आधी समोरच्याचा दंड दाबून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. बैलबाजारात गिऱ्हाईक गोऱ्ह्याच्या पुठ्ठ्यावर हात फिरवतं, तसा धोंडिबा माणसांच्या अंगावरून हात फिरवायचा. मग एक सुस्कारा सोडायचा आणि ठरलेला प्रश्न विचारायचा, "एवढं मास घेऊन तुमी करून काय राहिले?"

पाटलाला विचारायचा, दुकानदाराला विचारायचा. गावात कीर्तनाला आलेल्या बुवांच्या पाया पडता पडता त्यानं त्यांची पोटरी दाबली आणि त्यांनाही हेच विचारलं. मला तर रोज. आता मी अंगानं भरलेला माणूस, त्यात माझा काय गुन्हा? पण धोंडिबा माझ्या पोटाकडं असा बघायचा, की जणू ते त्याचंच होतं आणि मी त्याच्या ओसरीवरून उचलून आणलं होतं.

तो स्वतः म्हणजे नुसता सांगाडा. सदरा खुंटीला आहे की अंगात, हे जवळ गेल्यावर कळायचं. वय तिशीच्या आतबाहेर, लग्न झालेलं नाही, आमच्या कुरुंदा गावात हळदीचं थोडं रान. आईबाप कधीच गेलेले. मागं एक धाकटा भाऊ, किसन. त्याला धोंडिबानंच भाकरी थापून वाढवला. स्वतः अर्धी खायचा आणि त्याला दीड घालायचा, ते दोघांच्याही अंगावर दिसायचं.

मग जर्मनची लढाई सुरू झाली आणि हिंगोलीच्या छावणीत भरतीवाले येऊन बसले. गावातली पोरं गंमत बघायला गेली, त्यात किसनही गेला आणि त्याच्या मागं धोंडिबा. किसनाला काट्यावर उभं केलं, छाती मापली, दात बघितले आणि घेऊन टाकलं. ते बघून धोंडिबा रांगेत घुसला. वजन वाढावं म्हणून त्यानं जवळच्या विहिरीवर पोटाला तडस लागेस्तोवर पाणी पिऊन घेतलं. रांग काही सरकेना. व्हायचं तेच झालं. नंबर येता येता त्याला बाभळीमागं पळावं लागलं, आणि सगळी कमाई तिथंच राहिली. काट्यानं त्याला नापास केलं.

त्या दिवसापासून धोंडिबा बिघडला. "माझ्या हातचं खाऊन वाढलं ते पोरगं, अन त्याला घेतलं. मला काहून न्हाई?" हे तो चावडीत म्हणायचा, आडावर म्हणायचा, बैलांना चारा टाकताना बैलांनाही म्हणायचा. किसनाचा फोटो गावात आला, अंगात खाकी, पायात बूट. सगळ्यांनी हातात घेऊन कौतुक केलं. धोंडिबानं बघितला आणि म्हणाला, "वाळलं पोरगं." लोक हसले. सख्ख्या भावावर इतका जळणारा माणूस आमच्या गावानं पाहिला नव्हता. मी तर तोंडावर सांगितलं त्याला की तू जळतोस. तो म्हणाला, "बराबर हाय."

पण खरं सांगायचं तर जळायचा हक्क माझा होता. कारण धोंडिबाचं वजन वाढवायचं काम माझ्या बायकोनं अंगावर घेतलं. म्हैस माझी, तिचं शेण मी काढायचो, आणि सकाळचा धारोष्ण दुधाचा पेला जायचा भिंतीवरून पलीकडं. साय त्याला, दही त्याला. सणाच्या पोळीवर तुपाची धार त्याच्या ताटात अशी पडायची की पोळी पोहायला लागायची. मी ताक भुरकत विचारलं, की बाई, मी तुझा कोण लागतो? तर म्हणाली, "तुमाला कुठं भरती व्हायचंय?" मी उरलेलं ताक भुरकलं.

वजन बघायचं ते बाजारच्या दिवशी, हळदीच्या आडत्याकडं. भरतीवाल्यांचे पौंड शाळेच्या मास्तरांनी मण-शेरात करून दिले होते. मोठ्या काट्याच्या एका पारड्यात मापं, दुसऱ्यात धोंडिबा, उकिडवा बसलेला, गाल फुगवून. बघायला ही गर्दी! मापाडी म्हणजे वजन करणारा म्हातारा, तो खड्या आवाजात आकडा बोलायचा, आणि दर खेपेला धोंडिबा कमीच भरायचा. लोक हळहळायचे. कुणी केळी द्यायचं, कुणी मूठभर शेंगदाणे. माझी हळद त्याच काट्यावर कमी भरली तेव्हा एक माणूस हळहळला नव्हता.

गंमत अशी की धोंडिबा दिसायला चांगला सुधारला होता. गाल वर आले, मनगट भरलं, सदरा काखेत उसवला. पण काटा काही पुढं बोलेना. वर्ष उलटलं. शेवटी एका बाजारी मीच चिडून मापाड्याला विचारलं, की बाबा, माणूस डोळ्यांदेखत फुगला, माझी म्हैस आटली, मग वजन जाऊन कुठं राहिलं?

म्हातारा शांतपणे म्हणाला, "कडता कापूनच बोलतो की मी."

कडता म्हणजे हळदीचं पोतं मोजताना गोणपाटाचं आणि मातीचं म्हणून जे वजन आधीच वजा करतात ते. मापाड्यानं हयातभर कडता कापल्याशिवाय आकडा तोंडातून काढला नव्हता, आणि धोंडिबासाठी त्यानं रीत मोडली नव्हती. म्हणजे हा गडी केव्हाच वजनात आला होता, आणि माझं तूप इतके महिने एका नसलेल्या गोणपाटाला चाललं होतं! मला हसावं की मापाड्याला धरावं, कळेना.

पुढच्या भरतीला मी स्वतः धोंडिबाला हिंगोलीला घेऊन गेलो. प्रेमानं नाही, एकदाचा पलटणीत बसवून यावा आणि दुधाचा पेला माझ्याकडं यावा म्हणून. काट्यावर तो सहज पास झाला. छातीही पास, दातही पास. हवालदारानं पाठीवर थाप मारली आणि अंगठा लावायला पुढं बोलावलं. तेव्हा धोंडिबानं हात जोडून विचारलं, की किसन ज्या पलटणीत आहे तिच्यातच मला टाकाल ना?

हवालदार हसला. पलटण साहेब ठरवतात, तू नाही, असं त्यानं हिंदीत सांगितलं. किसनाची पलटण केव्हाच पुढं गेली, तुला दुसरीकडंच जावं लागेल. धोंडिबानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. मग त्यानं सदरा अंगात घातला, बटणं लावली आणि रांगेतून बाहेर चालू लागला.

माझा जो संताप झाला तो काय सांगू. स्टेशनापर्यंत मी त्याला वाट्टेल ते बोललो. वर्षभराचं दूध काढलं, तूप काढलं, तुझा भाऊ बरा आणि तू नेभळट, इथपर्यंत गेलो. तो खाली मान घालून चालत होता. स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली बसला आणि मग बोलला.

"किसनाला झोपंत चालायची सवय हाय, बापूराव. लहानपणापासून. उठतं अन चालाय लागतं. डोळे उघडे, पण दिसत काईच न्हाई त्याला. एकदा आडाच्या काठापातुर गेलतं. तवापासून मी धोतराचा सोगा त्याच्या पायाला बांधून झोपायचो."

मी म्हणालो, हे त्यानं तिथं कुणाला सांगितलं असेल की.

"लाजतं ते. मरंल, पण सांगायचं न्हाई. अन तितं पहारा असतो म्हणं. अंधारात कुणी चाललं की हाक देतात. वापस बोललं न्हाई, तर गोळी घालतात." त्यानं धोतराचा सोगा मुठीत धरला. "ते झोपंत बोलत न्हाई."

हट्टा गावाला माझा सख्खा भाऊ असतो. वाटणीत ती म्हैस माझ्याकडं आली तेव्हापासून त्यानं माझ्या दारात पाय ठेवलेला नाही. मी कसा झोपतो, झोपतो की नाही, हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नाही. लढाई संपल्यावर किसन धडधाकट परत आला, आता त्याला लेकरं झाली. पण त्या दिवशी लिंबाखाली बसून मला किसनाचा जो हेवा वाटला, तो काही अजून गेलेला नाही.