परसातील तळ्यास कुमुद आणण्याच्या दोन स्वाऱ्या आणि हात न लावण्याचा एक वेढा

आपोदेवता प्रसन्न असोत. वाहत्या पाण्यास वाट आणि थांबल्या पाण्यास सोबत मिळो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण मासापासून आश्विन शुद्ध दशमीपर्यंतचे वर्तमान.

निळी बादली एक, कडी तुटलेली. डाव्या पायाची चप्पल. चहाचा चमचा, पांढरा पडलेला, त्याचा जाब राणीसाहेबांनी दोन वेळा विचारला. जावयांची नवी चारचाकी, राखाडी. अर्धा ट्रक मुरूम, सांगून ठेवलेला, न आलेला. बुधवारची एसटी. सोललेल्या मुळ्यासारखी पांढरीशुभ्र मुळे. गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून हसणारी एक म्हातारी. ही अवघी एकाच राज्यातील वर्तमाने. ती एकमेकांस कशी लागली तें पुढे.

राज्याची शीव ऐशी: पूर्वेस कपडे वाळत घालायची तार, दक्षिणेस शेजारची भिंत, पश्चिमेस तुळस, उत्तरेस स्वयंपाकघराचे मागले दार. राज्यावर राजश्री हणमंतराव गावंडे नावाचे धनी आणि त्यांच्या राणीसाहेब प्रमिलाबाई कामाच्या धनी. हणमंतराव बत्तीस वर्षे जलशुद्धीकरण केंद्रावर रसायनतज्ज्ञ होते आणि बत्तीस वर्षे त्यांनी पाण्यातील हिरव्या रंगाशी युद्ध केले आणि एक दिवसही माघार घेतली नाही. निवृत्त जाहल्यावर त्यांच्या चित्ती आले की आजवर लोकांचे पाणी सांभाळले, आता आपले स्वतःचे असावे, आणि त्यात ह्याच मुलखातले, रानचे, दुकानात न मिळणारे पांढरे कुमुद फुलावे, आणि आपण खुर्ची टाकून पाहत बसावे. मग आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि अडीच फूट खोल ऐसे तळे खोदिले आणि आतून गिलावा केला आणि नळाचे पाणी भरिले आणि खुर्चीही टाकली. आणि पाहायास काही नव्हते. राणीसाहेबांचे मत असे की त्या जागी पत्र्याची शेड घालावी, लेक-जावई दिवाळीस येतात तेव्हा त्यांची चारचाकी सावलीत राहील. दोघांत बहुत बोलाचाली जाहली आणि अखेर तह ठरला. तहाचे कलम एकच, की दसऱ्याच्या सकाळपर्यंत तळ्यात काही रुजून जिवंत दिसले तर तळे राहील, नाही तर मुरूम पडेल. हणमंतरावांनी विचारिले, "डास धरायचे का?" राणीसाहेब बोलिल्या, "डास धरले तर तुम्हांलाही त्यांच्यातच झोपावं लागेल." तेव्हा डास वगळले.

मग पहिली स्वारी निघाली. सोबत शेजारचे वामनराव ठोंबरे, हे स्कूटरचे धनी, म्हणोन सरसेनापती. पूर्वेस सात कोसांवर एका गावी जुने मोठे तळे आहे, तेथे कुमुद आपोआप होते ऐसी बातमी होती. श्रावणातील सोमवारी दोघे दबा धरून गेले आणि कोणी नाही ऐसे पाहून काठाच्या चिखलात उतरले आणि चार कंद उपटले आणि थोडे पाणकणीस घेतले. येथे वामनरावांचा पाय गुडघाभर रुतला, आणि (ह्या जागी मूळ कागदास पाणी लागोन दोन ओळी गेल्या, त्यांत चप्पल होती). निळ्या बादलीत लूट घालून फौज माघारी आली. हणमंतरावांनी अंगणातील नळाखाली एकेक मूळ धुतले, तळ्याचा काळा चिखल कणभर राहू दिला नाही, मुळे ऐशी लखलखीत केली की राणीसाहेब म्हणाल्या, "ही लावायची आहेत की कोशिंबीर करायची आहे?" मग कुंड्यांत धुतलेली वाळू भरून लावणी जाहली. तिसरे दिवशी पाण्यास किंचित हिरवी झाक आली. ती दुसऱ्या कोणास दिसेना, पण हणमंतरावांस दिसली. पहाटे उठून त्यांनी न्हाणीघरातून टीसीएलचा डबा काढिला, विहिरीत टाकतात ती पांढरी पावडर, आणि चहाचा एक चमचा, सपाट, फार नाही, तळ्यात सोडिला. झाक गेली. आठवे दिवशी कुमुदही गेले. पाने कडेने तपकिरी होऊन सुकली, कंद बोट लावताच फुटला. हणमंतराव वामनरावांस म्हणाले, "जात नाजूक असावी." चमच्याचे बोलले नाहीत.

दुसरी स्वारी भाद्रपदाच्या आरंभी. ह्या वेळी खोल पाण्यातले घ्यावे, ते दणकट असेल, ऐसी मसलत ठरली. हणमंतराव विजार मांडीपर्यंत दुमडून पाण्यात शिरले आणि हात घालून कंद शोधू लागले, तो दहा हातांवर पाण्यातून आवाज आला, "का जी साहेब, काही हरपलं का?" पाहतात तो एक म्हातारी गळ्याइतक्या पाण्यात उभी, डोईस पदर, हाती जाळे, आणि हसते आहे. ही भागरथाबाई, तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी, वय सत्तरीचे, तळ्याचा कोपरान् कोपरा ठाऊक असलेली. हणमंतरावांनी हात पाण्याबाहेर काढून पाठीमागे घेतले. काठावरून वामनराव ओरडले, "आम्ही निसर्गप्रेमी आहोत!"

"असान ना बाप्पा," भागरथाबाई बोलली. "पण श्रावनातल्या सोमवारी चार कंद कोन उपटले? भोकं तशीच हायेत."

हणमंतराव म्हणाले, "मीच. चुकलं. पण तळ्यात इतकं आहे, मला चार द्याल तर काही कमी होणार नाही."

"मेले का ते?"

"मेले."

"चोरून नेलेली पोर नांदत नाही जी. द्याले ना नाही. पण ह्या तळ्यातलं दुसऱ्या पाण्यात द्याचं असन तर आमच्यातलं कोनी पहिले ते पानी पाहून येते. घर पाहल्याबिगर पोरगी देते का कोनी?"

हे ऐकून हणमंतरावांची मान ताठ जाहली. पाण्याची परीक्षा, आणि त्यांच्या पाण्याची! ते बोलिले, "बाई, अवश्य या. माझ्या तळ्यात तळाशी सुई पडली तरी दिसते."

"कुमुदाले सुई कायले पायजे?" ऐसे म्हणोन ती जाळे ओढू लागली. बुधवार ठरला.

बुधवारच्या एसटीने भागरथाबाई आल्या. राणीसाहेबांस सर्व हकीकत कळली होती आणि त्यांस फारच मौज वाटत होती. त्यांनी पोहे केले, वर खोबरे-कोथिंबीर, आणि पाहुणीस आसन दिले आणि हणमंतरावांस म्हणाल्या, "अहो, जरा बरा सदरा घाला. स्थळ बघायला आलेत." हणमंतरावांनी खरोखरच सदरा बदलला. पोहे जाहले आणि मग अवघे मागल्या दारी गेले. तळे आरशासारखे. भागरथाबाई काठाशी बसल्या आणि हात बुडवला आणि बोटे नाकाशी नेली आणि एक थेंब जिभेवर ठेविला. मग विचारिले, "इथे बेडूक येते का?"

"एकही नाही," हणमंतराव अभिमानाने बोलिले.

"चतुर बसते का कधी?"

"नाही."

"शेवाळ?"

"नाव नको!"

भागरथाबाईंनी हात पदरास पुसला. "साहेब, पानी चांगलं हाय. पन हे पियाचं पानी हाय, राहाचं नोहे. का टाकता यात?"

वामनराव भिंतीकडे पाहू लागले. राणीसाहेब हणमंतरावांकडे पाहू लागल्या, आणि त्यांच्या मनात पांढरा पडलेला चमचा आला हे हणमंतरावांस स्पष्ट दिसले. खोटे बोलणे सोपे होते. पण हा गृहस्थ बत्तीस वर्षे रोज वहीत पाण्याचे जे असेल तेच लिहीत आला होता, आणि आज पाण्याबद्दल खोटे जिभेवर येईना. ते आत गेले आणि डबा घेऊन आले आणि राणीसाहेबांच्या हाती दिला आणि म्हणाले, "एक चमचा. दर तीन दिवसांनी. सपाट."

राणीसाहेब बोलिल्या, "म्हणजे रानातून आणता काय, मारता काय, आणि वर जात नाजूक म्हणता काय!"

भागरथाबाई रागे भरल्या नाहीत. "हाताले लागलेली सवय होय ते. पोरगी आज नाही देत. पहिले घर राहाचं करा." मग त्यांनी अटी सांगितल्या. अर्धे पाणी काढावे. त्यांच्या तळ्याचा दोन घमेली काळा चिखल तळाशी पसरावा, धुवायचा नाही, गाळायचा नाही. दोन कळशा तळ्याचे पाणी सोडावे. मग हात लावू नये. "हिरवं होईल. चांगलं हिरवं होईल. भेवाचं नाही. तो त्याचा ताप हाय, येते अन उतरते." डबा राणीसाहेबांनी साड्यांच्या कपाटात कुलूपबंद केला.

दसऱ्यास अठ्ठावीस दिवस होते तेव्हा चिखल पडला आणि वेढा सुरू जाहला. ऐसा वेढा कोण्या राज्यात ऐकिला नाही, की ज्यात वेढा घालणाराने काही करावयाचे नव्हते. दिवस पहिला, गढूळ. दिवस चौथा, गढूळ. दिवस सातवा, हिरवे. दिवस दहावा, पालकाच्या पातळ भाजीसारखे. दिवस बारावा, वामनराव भिंतीवरून डोकावून म्हणाले, "हणमंतराव, ह्यात दाणे आणि डाळ तेवढी घालायची राहिली." दिवस चौदावा, वास. दिवस पंधरावा, लेकीचा फोन, आईने तिला सांगितले की बाबा तळ्याकडे पाठ करून पेपर वाचतात. दिवस सोळावा, पान उलटे धरून वाचत होते. हणमंतरावांचा उजवा हात जेवताना चमचा दिसला की आपोआप उचलला जाई. त्यांस हिरव्याचे भय हे केवळ हट्ट नव्हते. केंद्रात एकदा एका पावसाळ्यात पाण्याने असाच रंग धरला होता आणि तीन दिवस ते घरी गेले नव्हते, तेव्हापासून हिरवे दिसले की त्यांस झोप येत नसे. आता तोच रंग स्वतःच्या दारी, आणि दसरा तेरा दिवसांवर, आणि मुरूमवाला विचारून गेलेला.

विसावा दिवस घटस्थापनेचा. सकाळी राणीसाहेब देवघरात घट बसवीत होत्या, पत्रावळीवर माती पसरून त्यात गहू आणि ज्वारी पेरीत होत्या. हणमंतरावांस जुन्या कोटाच्या खिशात टीसीएलची एक पुडी सापडली होती, केव्हाची कोण जाणे. ते मागल्या दाराने गेले आणि तळ्याच्या काठी उभे राहिले आणि पुडी उघडली. मनात हिशेब मांडला, चमचाभर नको, चिमूटभर, चिमटीने काय होते. पाणी ऐसे दाट हिरवे की स्वतःचे तोंडही दिसेना. आतून राणीसाहेबांचा आवाज आला, "अहो, तिथे काय करताय?"

"काही नाही. बघतोय."

"मग बघू नका. घट बसवला की रोज माती उकरून बघतो का आपण, उगवलं का म्हणून? पाणी शिंपडायचं आणि गप बसायचं. या इकडे, माळ बांधायची आहे."

तळे बुजले तर राणीसाहेबांची शेड होणार होती, आणि त्याच त्यास वाचवू पाहत होत्या, हे हणमंतरावांच्या ध्यानी आले. मग ते न्हाणीघरात गेले आणि पुडी मोरीत रिकामी केली आणि वर तांब्याभर पाणी ओतले. मोरी इतकी स्वच्छ त्या वर्षी प्रथमच जाहली. मग येऊन माळ बांधिली. झेंडूची, वाकडी.

चोविसावे दिवशी हिरवे पातळ जाहले. सव्विसावे दिवशी पाणी बिनदुधाच्या फिक्या चहासारखे, तळ दिसे, आणि चिखलावर गोगलगायींच्या रेघा. अठ्ठाविसावे दिवशी हणमंतरावांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून तळ्याभोवती नऊ फेऱ्या घातल्या. काही रुजलेले नव्हते. रात्री ते राणीसाहेबांस म्हणाले, "सांगून टाक मुरूमवाल्याला. तह म्हणजे तह." राणीसाहेब बोलिल्या, "सकाळ म्हटलंय. सकाळ होऊ द्या."

दसऱ्याची सकाळ जाहली. राणीसाहेब आंघोळ करून चष्मा लावून खासा तळ्याच्या निरीक्षणास निघाल्या, मागे हणमंतराव, आणि भिंतीवर वामनराव. तळ्याच्या मधोमध पाण्यावर एक पान तरंगत होते, करंगळीच्या नखाएवढे, तांबूस, एका बाजूस चीर असलेले. कोणी ते आणले नव्हते, कोणी लाविले नव्हते. राणीसाहेब म्हणाल्या, "हे कुठून तरी उडून पडलेलं दिसतंय," आणि वाकून ते उचलू लागल्या.

"ओढू नकोस!" हणमंतराव ऐसे कडाडले की तारेवरची चिमणी उडाली. संसाराच्या अडतीस वर्षांत राणीसाहेबांवर आवाज चढवण्याचा हा पहिला प्रसंग. वामनरावांनी डोके भिंतीखाली घेतले. राणीसाहेबांनी पान सोडिले नाही, पण ओढलेही नाही, बोटाच्या टोकाने किंचित ढकलिले. पान सरकले आणि फिरून आपल्या जागी आले. मग त्यांनी बोट खाली नेले. पानाखाली सुतासारखा देठ होता, आणि तो खाली जात होता, चिखलात.

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. मग बोलिल्या, "लागलंय हो."

खुर्ची तेथेच होती, तीवर हणमंतराव बसले, आणि प्रथमच त्यांस पाहायास काही होते. राणीसाहेबांनी मुरूमवाल्यास फोन करून सांगितले की नको, आणि का नको विचारल्यावर सांगितले, "घरात पोरगी आलीय." पुढे बुधवारच्या एसटीने भागरथाबाई ओल्या गोणपाटात, चिखलासकट, चार कंद घेऊन आल्या, आणि ते नखाएवढे पान पाहून म्हणाल्या, "हे तर माझ्या आधीच येऊन बसलं." मग पोहे जाहले.

सारांश. दोन स्वाऱ्यांत कुमुद हाती टिकले नाही, ते न धुतलेल्या चिखलात निजून होते. तळे आहे. चारचाकी रस्त्यावर उन्हात उभी असते आणि जावई त्याबद्दल काही म्हणत नाहीत. येणेप्रमाणे हकीकत समाप्त.

भागरथाबाईंच्या गावी नळ आला तो शके एकोणीसशे चोविसात. ते पाणी हणमंतरावांच्या केंद्रातून जात होते, आणि त्या सालापासून त्या गावात गॅस्ट्रोने एकही लेकरू दगावलेले नाही.