विनाकारण नाव न लिहिणारे सबनीस

सबनिसांना मी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" जर्मनीतल्या एका ऑफिसात दोन मराठी माणसं कॉफीच्या यंत्रापाशी समोरासमोर आली तर दुसरं काय विचारणार? त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "आल्झो, हेतू काय?"

'आल्झो' म्हणजे जर्मन लोकांचं 'तर मग'. तीस वर्षांत ते सबनिसांच्या जिभेला कायमचं चिकटलं आहे. माझा हेतू वगैरे काही नव्हता. गाव कळलं की शाळा कळते, शाळा कळली की कुणाची तरी मावशी निघते, एवढंच. मी म्हटलं, "सहज विचारलं."

"सहज हा हेतू होत नाही. सहज गोळा केलेली माहिती सहजच बाहेर जाते." एवढं बोलून ते कप घेऊन निघून गेले. माणूस तुसडा आहे, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. मी माणसांबद्दल फार पटकन ठरवते आणि बहुतेक वेळा चुकते, हे माझा नवरा सांगतो आणि खरं तेच आहे.

सबनीस आमच्या कंपनीचे डेटा संरक्षण अधिकारी. लोकांची खासगी माहिती कंपनी नीट सांभाळते की नाही, हे बघायला कायद्याने नेमावा लागणारा माणूस. कंपनी तशी लहान, त्सुफेनहाउझेन नावाच्या उपनगरात एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. आम्ही केस कापणारे, दातांचे डॉक्टर, फिजिओथेरपीवाले अशांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतो. शेजारीच मोटारींचा मोठा कारखाना असल्यामुळे माझ्या सासूबाई नाशिकला सगळ्यांना सांगतात की मुक्ता रेसच्या गाड्या बनवते. मी ग्राहकांचे फोन घेते.

मी 'सबनीस काका' म्हटलं तेव्हाही त्यांनी हरकत घेतली. "काका म्हटलंत की माझ्या वयाचा अंदाज चार लोकांना आपोआप जातो." आजूबाजूच्या चौघांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं आणि सबनिसांचं टक्कल मात्र कुठल्याही भाषेत वाचता येण्यासारखं होतं. मी काकाच म्हणत राहिले.

इथे ज्याचा वाढदिवस असेल त्यानेच सगळ्यांसाठी केक आणायचा असतो. म्हणून स्वयंपाकघराच्या दारावर सगळ्यांच्या वाढदिवसांची यादी लावलेली असायची. सबनिसांनी ती उतरवली. जन्मतारीख ही खासगी बाब, दारावर टांगायची असेल तर प्रत्येकाची लेखी संमती हवी. लोकांना संमती देण्यापेक्षा केक न आणणं स्वस्त पडलं. महिनाभर ऑफिसात कुणी जन्माला आलेलंच नव्हतं. शेवटी एका सोमवारी सबनिसांनीच भलामोठा सफरचंदाचा केक आणून ठेवला. "वाढदिवस का?" असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

घरी आलेल्या पार्सलवरचा पत्ता ते फाडतात, हे ठीक. पण त्याचे चार तुकडे करून दोन या आठवड्याच्या कचऱ्यात आणि दोन पुढच्या आठवड्याच्या कचऱ्यात टाकतात. "चोराला चिकाटी असते, तर आपल्यालाही हवी," असं त्यांचं म्हणणं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तर त्यांनी कहर केला. दाराशी टेबल मांडून बसले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "फोटो चालेल की नाही?" ज्यांना चालणार नाही त्यांच्या झब्ब्यावर लाल टिकली चिकटवायची. पैठणी नेसून दोन तास आवरून आलेल्या बायकांना हे पसंत पडणं शक्यच नव्हतं. कुणीतरी चिडून म्हणालं, "बाप्पाची संमती घेतलीत का?" सबनीस शांतपणे म्हणाले, "ते सार्वजनिक व्यक्तिमत्त्व आहे. त्यांना नियम वेगळा." पुढे मंडळाच्या पानावर आरतीचा जो फोटो आला त्यात तीन लोकांच्या तोंडावर मोदकाचं चित्र होतं.

ऑफिसात त्यांचं खरं वैर होतं ते विक्रीच्या टोर्स्टनशी. टोर्स्टन म्हणजे उत्साहाचा झरा. केस कापायला येणाऱ्या प्रत्येकाची जन्मतारीख घेऊ, म्हणजे शुभेच्छा पाठवता येतील आणि धंदा वाढेल, असा त्याचा बेत. सबनिसांनी त्याला विचारलं, "केस कापायला जन्मतारीख कशाला? पत्रिका जुळवायची आहे का?" हे त्यांनी जर्मनमध्ये विचारल्यामुळे टोर्स्टनला पत्रिकेचं काही कळलं नाही, पण जन्मतारखेचा रकाना गेला.

मग आम्हाला एक अमेरिकन गिऱ्हाईक मिळालं, तिथल्या चार-पाच राज्यांत योगवर्ग चालवणारं. टोर्स्टनला वाटलं, सुटलो, अमेरिकेत कोण विचारतंय. सबनिसांनी आठवडाभर बसून अमेरिकेचा नकाशा रंगवला आणि भिंतीवर लावला. मला म्हणाले, "आल्झो, अख्ख्या देशाचा म्हणून एक कायदा नाही त्यांच्याकडे. प्रत्येक घराण्याचा कुळाचार वेगळा. एका राज्यात गिऱ्हाईक म्हणालं माझी माहिती विकू नका, तर विकायची नाही. दुसऱ्यात आधी विचारल्याशिवाय तब्येतीची गोष्ट नोंदवायची नाही. तिसऱ्यात काहीच नाही, रान मोकळं."

"मग आपण प्रत्येक राज्याला वेगळं सॉफ्टवेअर करायचं?"

"छे. सगळ्यांत सोवळं घर कुठलं ते बघायचं आणि सगळीकडे तसंच वागायचं. मुळात कमी ठेवा हो. जे ठेवलंच नाही ते कुणाला चोरता येत नाही."

त्या हिशेबाने दर शुक्रवारी दुपारी ते मुदत संपलेल्या नोंदी पुसायला बसत. जुन्या अपॉइंटमेंट, नोकरी सोडून गेलेल्यांची कागदपत्रं, सगळं. त्या वेळी ते हळू आवाजात काहीतरी गुणगुणत आणि अगदी सुखी दिसत. टोर्स्टन म्हणे, हा माणूस कंपनीची स्मरणशक्ती खातो. मीही त्याच्याबरोबर हसायचे.

माझी नोकरी तेव्हा प्रोबेत्साइटमध्ये होती. म्हणजे पहिले सहा महिने, ज्यात कंपनी दोन आठवड्यांची नोटीस देऊन तुम्हाला नारळ देऊ शकते. माझा पाचवा महिना चालू होता. नवऱ्याला अजून काम मिळालं नव्हतं, मुलगी नुकती बालवाडीत रुळली होती आणि आमचं तिघांचं इथे राहणं माझ्या या एका नोकरीवर उभं होतं.

आणि त्या गुरुवारी सकाळी मी लग्नपत्रिका उघडली.

मेल मामेभावाच्या पत्त्यावरून आली होती. वर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', खाली 'पत्रिका सोबत जोडली आहे, अगत्य येण्याचे करावे'. भावाचं लग्न ठरलं आणि मला कुणी कळवलं नाही, या रागात मी ती फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवरच उघडली. काहीच दिसलं नाही. पुन्हा उघडली. मग मामीला फोन लावला आणि आधी भांडून घेतलं. मामी म्हणाली, "अगं, कुणाचं लग्न? त्याचा मेल कुणीतरी चोरलाय. सकाळपासून चाळीस जणांचे अभिनंदनाचे फोन आलेत."

परदेशी बँकेच्या खोट्या मेलला मी कधीच फसले नसते. तेवढं प्रशिक्षण आम्हाला सबनिसांनी दिलं होतं. पण मानपानाचा प्रश्न आला की आपली अक्कल बाजूला बसते.

गप्प बसावं असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन तास मी गप्प बसलेही. मग सबनिसांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

"किती वाजता उघडलीत?"

"नऊ चाळीसला."

त्यांनी घड्याळ बघितलं. "आता बारा. मधले दोन तास वीस मिनिटं?"

"बाथरूममध्ये रडत होते."

"ते नोंदवायची गरज नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या लॅपटॉपचं इंटरनेट स्वतः बंद केलं.

संध्याकाळपर्यंत कळलं ते असं. चोर माझ्या खात्यातून आत शिरला होता आणि एका फिजिओथेरपी केंद्राची अपॉइंटमेंटची यादी घेऊन गेला होता. दुखणी म्हणजे तब्येतीची माहिती, त्यामुळे मामला गंभीर. इथे प्रत्येक राज्याचं स्वतःचं डेटा संरक्षण कार्यालय असतं आणि असं काही झालं की त्यांना बहात्तर तासांत कळवावं लागतं. शनिवार-रविवारची सवलत नाही. पण त्या यादीत नावं आणि फोन नंबर निघाले ते फक्त येत्या दोन आठवड्यांचे. मागची सगळी वर्षं सबनिसांनी दर शुक्रवारी गुणगुणत पुसून टाकली होती. जन्मतारखा तर आम्ही घेतच नव्हतो. टोर्स्टन त्या दिवशी एकदाही हसला नाही.

शुक्रवारी सकाळी आमच्या मालकीणबाई, फ्राऊ लिंडनर, यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. सबनिसांनी अहवाल वाचला. कसं शिरले, काय गेलं, रुग्णांना कसं कळवणार, पुढे काय करणार. ते संपल्यावर बाईंनी विचारलं, "एक कर्मचारी, एक कर्मचारी, असं काय लिहिलंय? कोण कर्मचारी?"

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सबनीस म्हणाले, "हेतू काय?"

"म्हणजे?"

"नावाचा हेतू. सरकारी फॉर्ममध्ये नावाचा रकाना नाही. चोरी थांबवायला नाव लागत नाही, लॅपटॉपचा नंबर लागतो, तो दिला आहे. तुम्हाला नाव कुणाला तरी काढून टाकण्यासाठी हवं असेल, तर तो वेगळा हेतू झाला. माझ्याकडे विश्वासाने आलेल्या माणसाचं नाव मी सांगायचं नाही, असं कायदा सांगतो. आणि तो माणूस दोन तासांत आला म्हणून आपण आज वेळेत आहोत. उद्या दुसऱ्या कुणाची चूक झाली तर त्याने यावं की लपावं, हे आत्ता या खोलीत ठरतंय."

कुठला लॅपटॉप कुणाकडे ही यादी सबनिसांच्या कपाटात आणि किल्ली सबनिसांच्या खिशात. फ्राऊ लिंडनर यांनी हातातलं पेन बंद केलं. मग म्हणाल्या, "रुग्णांना पत्रं आजच जाऊ देत." विषय तिथे संपला.

महिन्याभराने माझी नोकरी पक्की झाली. मी बेसनाचे लाडू केले आणि रविवारी सबनिसांकडे न्यायचं ठरवलं, पण पत्ता कुणाकडे असणार? ऑफिसात विचारण्यात अर्थ नव्हता. आमच्या घरमालकीण आजी म्हणाल्या, टेलिफोनच्या डिरेक्टरीत बघ. मी हसले. जगातला शेवटचा माणूस असेल तो, ज्याचं नाव डिरेक्टरीत सापडेल. तरी त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि माझ्यापुढे बोट ठेवलं. पूर्ण नाव, मधल्या नावासकट. रस्ता, घर नंबर, फोन.

त्यांच्या दारावर ठळक पाटी होती. रोमनमध्ये 'मधुकर विष्णू सबनीस' आणि खाली तेच देवनागरीत. आत दोन खुर्च्या, एक टेबल आणि दाराजवळ वायरवाला जुना फोन. एकटेच राहत होते. मला बघून त्यांना आनंद झाला, पण तो त्यांनी लपवायचा प्रयत्न केला.

"काका, तुमचं नाव सगळ्या गावाला उघडं?"

ते लाडूकडे बघत बसले. मग म्हणाले, "अगं, या आधीच्या कंपनीत एकजण होता. नाव सांगत नाही. आपल्याकडचाच. चुकीच्या माणसाला चुकीची फाइल पाठवली त्याने. मी नवा अधिकारी, फार हुशार. अहवालात त्याचं नाव लिहिलं. कुणी मागितलं नव्हतं. तोही प्रोबेत्साइटमध्येच होता. तीन आठवड्यांत सामान बांधून परत. बायकोला सातवा महिना लागलेला. जाताना मला भेटायला आला, तर मी त्याला नियम समजावून सांगितला."

मी लाडवाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला, त्यांनी एक उचलला.

"पुढे वाटलं पत्र लिहावं. पण मुदत संपल्यावर त्याची सगळी कागदपत्रं मीच पुसली होती. पत्ता, नंबर, काही उरलं नाही."

"इंटरनेटवर शोधते मी. दोन मिनिटांत सापडेल."

"नको. त्याने मला परवानगी दिलेली नाही. त्याला वाटलं तर त्याने शोधावं. सोपं पडावं त्याला, म्हणून हे सगळं. सोळा वर्षांत घर बदललं नाही मी, नंबरही नाही."

तेवढ्यात फोन वाजला. सबनीस इतक्या घाईने उठले की खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली. त्यांनी लाडवाचा हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसला, रिसीव्हर उचलला आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "नमस्कार, मी मधुकर सबनीस बोलतोय." मग थोडा वेळ ऐकत राहिले. चेहरा उतरला. जर्मनमध्ये म्हणाले, नको, लॉटरीचं तिकीट नको, धन्यवाद.

"दर रविवारी करतात," ते खाली बसत म्हणाले.

मी म्हटलं, "काका, तुम्हीच शिकवलंत ना? माझा नंबर यादीतून काढा म्हणून सांगायचं. त्यांना काढावाच लागतो."

"माहीत आहे," सबनीस म्हणाले. त्यांनी फोनची वायर सरळ केली आणि रिसीव्हर नीट बसलाय की नाही ते पुन्हा एकदा बघितलं. "पण असू दे. निदान रिंग वाजते आहे, हे कळतं."