नुसतं 'या'

चष्मेवाला "या" म्हणाला, आणि तेवढ्या एका अक्षरावर घड्याळजी सणाच्या जेवणाचं नक्की करून मोकळा झाला.

दोघांची दुकानं भिंतीला भिंत लावून. त्या संध्याकाळी घड्याळजी शटर ओढून म्हणाला, "बरंय, येतो." चष्मेवाला कुणाच्या तरी काचेवर फुंकर मारत होता. सणाला घरी कोण कोण जमणार हे तो नुकतंच रंगवून सांगत होता. मान वर न करता तो म्हणाला, "या हं, या."

आता निघणाऱ्या माणसाला आपण सगळेच "या" म्हणतो. घड्याळजीला हे काय ठाऊक नव्हतं? पण भुकेल्याला तव्याचा नुसता वास पुरतो. थोरल्या भावाकडे जाणं त्याने कधीचंच सोडलं होतं. का, तर वहिनी एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊजींनी दुरुस्त केलेलं घड्याळ मागे पडतं." तेव्हापासून सणाच्या दिवशी हा आणि बायको समोरासमोर बसून जेवायची आणि पंख्याचा आवाज ऐकायची.

"नुसतं 'या' म्हणाले?" बायकोने विचारलं.

"नुसतं कसलं! हात धरून म्हणाले. म्हातारी आई म्हणे वाटच बघतेय तुझी."

बायकोचा चेहरा असा काही उजळला की थाप मागे घ्यायची सोयच राहिली नाही. तिने ठेवणीतले कपडे इस्त्रीला दिले. बहिणीला फोन करून सांगितलं, "यंदा आम्हाला बोलावलंय बरं का!" घड्याळजी ते ऐकत होता. दुकानात त्याने दोनदा विषय काढून पाहिला. "मग, सणाला... वेळेवरच ना?" चष्मेवाला म्हणाला, "आमच्याकडे सगळं वेळेवर असतं." झालं! घड्याळजीने तेवढ्यावरच समाधान मानून घेतलं.

सणाच्या दिवशी दार उघडलं ते चष्मेवाल्याने. अंगात बनियन, हातात लसूण. तो बघतच राहिला. मग तोंडातून निघालं, "अरे! या... या, या!"

तो "या" ऐकला आणि घड्याळजीला सगळं लख्ख कळलं. अक्षर तेच, सूरही तोच. पण पळ काढायच्या आत बायको पुढे झाली. "आई कुठायत? माझी वाट बघतायत म्हणे!"

आई बिचारी कॉटवर बसून पाय चोळत होती. तिने चष्म्यातून वर पाहिलं आणि कोण ते न कळताच म्हणाली, "हो गं बाई, बस."

मग स्वयंपाकघरात कुजबुज सुरू झाली. शेजारून खुर्च्या आल्या, इस्त्रीचं टेबल जेवणाच्या टेबलाला जोडलं गेलं. रश्शात तांब्याभर पाणी पडल्याचा आवाज घड्याळजीने स्वतःच्या कानांनी ऐकला. आई म्हणाली, "मला आज भूकच नाही," आणि तिचं ताट गुपचूप घड्याळजीपुढे सरकलं. त्याला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

तेवढ्यात चष्मेवाल्याने त्याला गॅलरीत ओढलं.

"मेलो हो मी! तुम्हाला बोलावलं आणि घरी सांगायचंच विसरलो. कधी बोलावलं तेही आठवत नाही बघा. बायको खाऊ का गिळू करतेय. माफ करा मला!"

खरं सांगायची हीच वेळ होती. घड्याळजीने तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं, "असू द्या हो. होतं असं. मी नाही मनावर घेत."

स्वतःच्या निर्लज्जपणाचं त्याला त्या क्षणी खरोखर नवल वाटलं.

टेबलावर तर चष्मेवाल्याची धिंडच निघाली. "माणसं जेवायला बोलवायची आणि बायकोला पत्ता नाही!" त्याची बायको म्हणाली.

"लग्नाच्या दिवशीसुद्धा उशिराच आले होते," मेहुण्याने तेल ओतलं.

"भाऊजी, तुम्हीच सांगा," ती घड्याळजीकडे वळून म्हणाली, "असा मित्र कुणाला असावा का?"

घड्याळजीला ठसका लागला.

"बघा, बिचाऱ्यांच्या घशाखाली घाससुद्धा उतरत नाहीये. वाढा त्यांना अजून! आणि अहो विसरभोळे, आज सगळी भांडी तुम्ही घासायची."

चष्मेवाला मान खाली घालून "बरं" म्हणाला. घड्याळजीच्या ताटात आणखी भात पडला.

जेवून जिना उतरताना बायको म्हणाली, "त्यांनी बोलावलं नव्हतं ना?"

घड्याळजीचा पाय पायरीवरच अडखळला. "तुला... कधी कळलं?"

"तुम्ही घरी येऊन सांगितलंत तेव्हाच. तुम्हाला थाप मारताना कान खाजवायची सवय आहे."

"मग आलीस कशाला?"

ती म्हणाली, "घरी कोण होतं आपल्या?"

लाज त्याला दुपारपासून वाटतच होती, पण आता वाटली ती निराळीच. वहिनीचं एक वाक्य आपण इतकी वर्षं उराशी धरलं, आणि त्यापायी हिचे सण मात्र सुने गेले, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं.

"चला वर," बायको म्हणाली. "तो गरीब माणूस उगाच खरकटं उपसतोय."

वर जाऊन त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "वहिनी, यांची काही चूक नाही. हे नुसतं 'या' म्हणाले. बोलावणं मीच बनवलं." मेहुणा तोंड लपवून हसला. चष्मेवाला मोरीतून ओल्या हातांनी बाहेर आला आणि आनंदाने ओरडला, "म्हणजे मी विसरलो नव्हतो! ऐकलंस का, मी विसरलो नव्हतो!"

त्याच्या बायकोने कमरेवर हात ठेवून घड्याळजीकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या हातातली घासणी काढून घेतली आणि निमूटपणे घड्याळजीच्या हातात दिली.

मोरीत भांड्यांचा ढीग होता. सणाची चांगली पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घड्याळजी खाली बसला आणि मान वर न करता घासत सुटला. बाहेर कुणीतरी त्याच्या बायकोला खुर्ची दिली, आई तिला माहेर कुठलं विचारू लागली, आणि मग कशावरून तरी ती खळखळून हसली. असं हसणं घड्याळजीने बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

भांडी संपत आली होती. त्याने एक स्वच्छ पातेलं उचललं आणि पुन्हा घासायला घेतलं.