खिडकीजवळच्या खाटेचा मॉनिटर

"दोन दिवसांत चोर पकडून देते!" अशी घोषणा करतच खटपटताई हृदयरोगाच्या वॉर्डात शिरल्या. हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. बिघडलेलं यंत्र दिसलं की त्यांना अन्नपाणी गोड लागत नसे, म्हणून हे नाव.

या वेळी तक्रार होती खिडकीजवळच्या खाटेच्या मॉनिटरची. त्या खाटेवरच्या काकांच्या छातीचे ठोके दाखवता दाखवता तो मध्येच असा गळा काढायचा, की सगळा वॉर्ड दचकायचा! मोठ्या सिस्टर धावत जायच्या, तर काका ताज्या भाजीसारखे टवटवीत! शेवटी वैतागून सिस्टरनी अलार्मचा आवाज बारीक करून टाकला होता. खटपटताईंना खरा घोर लागला होता तो त्याचाच. उद्या काकांना खरंच काही झालं आणि कुणाला ऐकूच गेलं नाही तर?

त्यांनी वायर बदलली. छातीवरच्या चकत्या बदलल्या. मॉनिटर बोंबलतच राहिला. मग त्यांनी यंत्राच्या पोटातला लॉग उघडला. काय बिघडलं, कधी बिघडलं, सगळ्याची त्यात नोंद. 'वायर सुटली. वायर जोडली. वायर सुटली. वायर जोडली.' आणि वेळ रोज सकाळची, साडेनवाच्या आसपास!

"अगं, ते संध्याकाळी बोंबलतं," सिस्टर म्हणाल्या.

"लॉग सकाळ म्हणतोय, सिस्टर. माणसं विसरतात, लॉग विसरत नाही!"

"मग काय, मला स्वप्नं पडतात?"

"तसं नाही. पण साडेनवाला काकांचं ब्लडप्रेशर कोण बघतं?"

"मी!"

"तेव्हा हाताचा धक्का लागून..."

सिस्टरची नोकरी तिथे सुरू झाली तेव्हा खटपटताई शाळेत डबा सांडत असतील.

"उद्या ये," सिस्टर दात आवळून म्हणाल्या. "माझ्या हाताकडे डोळे फाडून बघ!"

दुसऱ्या दिवशी खटपटताई खाटेच्या पायथ्याशी खांबासारख्या उभ्या राहिल्या. सिस्टरनी ब्लडप्रेशर असं मोजलं, जणू काका फुलपाखरू आहेत. मॉनिटर गप्प. दुपार झाली, तरी गप्प!

"झालं समाधान?" सिस्टर म्हणाल्या.

खटपटताईंचे कान तापले, पण त्या हटल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांची वेळ झाली आणि मॉनिटरनं बारीक आवाजात सूर लावला. त्यांनी झडप घालून लॉग उघडला. ताजी नोंद! वेळ, सकाळचे साडेनऊ! बाहेर तर उन्हं उतरलेली.

यंत्राचं घड्याळच चुकीचं होतं! बॅटरी बदलल्यावर ते कुणीतरी लावायचं राहिलं होतं. आणि घड्याळं लावायचं काम कुणाचं? खटपटताईंचंच!

त्यांनी मुकाट्यानं घड्याळ लावलं, पण वायर का सुटते ते कळल्याशिवाय माघार घ्यायची नाही, असं ठरवूनच टाकलं. दुसऱ्या संध्याकाळी त्या शेजारच्या रिकाम्या खाटेच्या पडद्याआड दबा धरून बसल्या.

काकांचे मेहुणे आले. बसायच्या आधीच सुरू झाले.

"भावजी, तुमचं सगळं दुखणं आतड्यात आहे! मी सांगतो, पहाटे उठून कोमट पाणी..."

काकांचा चेहरा सुकत चालला. मेहुणे आतड्यांवरून यकृतावर आले, तसा काकांचा हात हळूच चादरीखाली सरकला. टक्!

मॉनिटर बारीक आवाजात किंचाळला. सिस्टर आल्या. "चला, बाहेर! पेशंटला आराम हवाय!" मेहुणे निघाले. काकांनी वायर अलगद जागेवर लावली आणि सुखानं डोळे मिटले.

"काका!" खटपटताई पडद्याआडून बाहेर आल्या.

काका पार ओशाळले. "काय करू हो? रोज येतो! बायकोचा एकुलता एक भाऊ, जा म्हणता येत नाही."

"तुमच्या या खोट्या हाकांनी कंटाळून सिस्टरनी आवाज बारीक केलाय. उद्या छातीत खरंच कळ आली, तर कोण धावणार?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. मॉनिटरवरचे ठोकेही वाढले, या वेळी अगदी खरे. "नाही हो, पुन्हा हात लावणार नाही!"

मग खटपटताई सिस्टरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "चुकलं माझं. तुमच्यावर आळ घेतला. घड्याळही मीच लावलं नव्हतं. वायर तर काकाच काढतात, मेहुण्यांना पळवायला."

सिस्टरनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग मॉनिटरचा आवाज पूर्ववत केला आणि मेहुण्यांना गाठायला थेट जिन्यापर्यंत गेल्या. काय बोलल्या कुणास ठाऊक, पण त्यानंतर मेहुणे दारातूनच हात हलवून जाऊ लागले. लॉग स्वच्छ!

खटपटताईंनी विजयी मुद्रेनं अहवाल पाठवला : 'बिघाडाचं कारण – मेहुणा. उपाय – काढून टाकला.'

आठवड्यानं खरेदी विभागातून फोन आला.

"ताई, तुम्ही काढलेला तो मेहुणा स्टॉकमध्ये नाहीये. दुसऱ्या कंपनीचा बसवला तर चालेल का?"